होर्मुझचे घोडे आणि भीमथडीची तट्टे

सोळाव्या शतकात इराणी आखाताकडून गोव्याच्या बंदरात येणाऱ्या जहाजांतून जो माल उतरत असे, त्यात पोर्तुगीज जकातदारांच्या दृष्टीने अत्यंत किफायतीचा माल म्हणजे घोडा. दख्खनच्या व त्याखालच्या मुलुखाच्या हवापाण्यात उंच, भारी बांध्याचा अरबी किंवा इराणी घोडा नीटसा वाढत नसे, आणि त्या काळची लढाई तर घोडदळावाचून अशक्य. त्यामुळे विजयनगरचा राय असो की विजापूरचा आदिलशहा, दोघांच्याही फौजेचे बळ वर्षानुवर्षे समुद्रापलीकडून येणाऱ्या जनावरांवर तोललेले असे. १५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि १५१५ साली होर्मुझच्या बेटावर आपला अंमल कायम केला, तेव्हा या व्यापाराची दोन्ही टोके एकाच मुठीत आली, आणि घोडा कोणाला द्यावा, किती द्यावा व कोणाला मुळीच देऊ नये ही मसलत गोव्याच्या राजवाड्यात होऊ लागली. त्याच्याही दोनशे वर्षे आधी दक्षिण हिंदुस्थानातून गेलेल्या मार्को पोलोने या व्यापाराविषयी एक मोठी मार्मिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. घोडे आणणारे व्यापारी, तो म्हणतो, आपल्या देशातले सलोतरी इकडे येऊ देत नाहीत. कारण घोडे जितके लौकर मरतील, तितकी पुढल्या वर्षीची मागणी पक्की.

आज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून घोडे येत नाहीत, तेल येते. ही वाट सर्वांत चिंचोळी आहे तेथे उणीपुरी ३३ किलोमीटर रुंद, आणि जहाजांच्या जाण्यासाठी व येण्यासाठी राखलेले पट्टे तर जेमतेम तीन-तीन किलोमीटरांचे. तरीही २०२४ साली या वाटेने दररोज सुमारे दोन कोटी पिंपे तेल, म्हणजे जगाच्या एकूण खपाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, बाहेर पडले. भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशांतून आणतो, आणि पुण्या-सोलापुरातल्या स्वयंपाकघरांत जळणाऱ्या सिलिंडरच्या वायूपैकीही निम्म्याहून अधिक आयातीचा, तोही बहुतांशी आखातातलाच. घोडा मरतो तसे तेल जळते, आणि दोहोंचाही खरीददार पुढल्या हंगामात पुन्हा त्याच दारात उभा राहतो. हवामानबदलाच्या धोरणाची चर्चा आपल्याकडे एक तर नीतीच्या उच्चासनावरून होते, जेथे पृथ्वी वाचवण्याचे कर्तव्य सांगितले जाते. नाही तर व्यवहाराच्या ओट्यावरून होते, जेथे ही सारी श्रीमंत देशांची थेरे आहेत असे म्हणून विषय मिटवला जातो. या दोन्ही बाजूंच्या नजरेतून जी गोष्ट निसटते ती ही, की राष्ट्रे आपले इंधन बदलतात ती बहुधा रसद तुटण्याच्या भयाने. आणि ते भय खाणीकडे वळते की सूर्याकडे, यावरच हवामानाच्या राजकारणाचा निकाल पुष्कळसा अवलंबून आहे.

या भयाचा आधुनिक इतिहास एका आरमारापासून सुरू होतो. १९११ साली विन्स्टन चर्चिल ब्रिटिश आरमाराचे मंत्री झाले, तेव्हा त्या आरमाराची जहाजे वेल्सच्या खाणींतील उत्तम कोळशावर चालत, म्हणजे साम्राज्याचे इंधन साम्राज्याच्या परसातच होते. तेलावर चालणारे जहाज अधिक वेगवान, त्याला खलाशी कमी लागत आणि भर समुद्रात इंधन भरता येई. पण ब्रिटनच्या भूमीत तेल नव्हते. घरचा कोळसा सोडून परक्याच्या तेलावर आरमार उभे करण्याचा तो निर्णय घेतल्यावर चर्चिल यांनी पार्लमेंटात असे प्रतिपादन केले, की तेलाच्या बाबतीत निर्धास्तपणा हवा असेल तर तो एका वाटेवर, एका क्षेत्रावर वा एका देशावर न विसंबण्यातच आहे. तत्त्व शहाणपणाचे होते. परंतु कृती अशी झाली, की पहिल्या महायुद्धाच्या अगदी तोंडावर, १९१४ साली, ब्रिटिश सरकारने इराणात तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे ५१ टक्के भाग विकत घेतले, आणि त्या एका देशाच्या अंतर्गत कारभारात पुढली चार दशके हात घातला. १९५१ साली मोसाद्देक यांनी ते तेल राष्ट्राच्या मालकीचे केले. १९५३ च्या ऑगस्टात इंग्रज व अमेरिकन गुप्तहेरखात्यांच्या साहाय्याने त्यांना पदच्युत करण्यात आले. रसदीची वाट परमुलुखातून गेली की त्या मुलुखाचे स्वातंत्र्य आपल्याला अडचणीचे वाटू लागते, हा या प्रकरणाचा इत्यर्थ. आणि तो केवळ इंग्रजांपुरता खरा आहे असे समजण्याचे कारण नाही.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांचे तेल अडवले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला, तेव्हा हेच भय एकाच वेळी अनेक राजधान्यांत शिरले. फ्रान्सने १९७४ च्या मार्चमध्ये अणुवीज केंद्रांचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला आणि दीड दशकात आपल्या विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अणुशक्तीतून मिळवला. आपल्या ऊर्जेसाठी नव्वद टक्क्यांहून अधिक परकीय तेलावर अवलंबून असलेल्या डेन्मार्कने प्रथम कोळशाचा आश्रय घेतला आणि मग हळूहळू वाऱ्याचा. जपानने काटकसरीचा कायदा केला. मुंबईपासून भर समुद्रात त्याच वर्षी, १९७४ च्या फेब्रुवारीत, ‘सागर सम्राट’ या तरंगत्या यंत्राने घेतलेल्या विहिरीत तेल लागले आणि दोन वर्षांनी बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. यांपैकी एकाही निर्णयाच्या टिपणात कार्बनचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. आणि तरीही आज फ्रान्सची वीज युरोपात स्वच्छ म्हणून गणली जाते व डेन्मार्कचे नाव पवनचक्क्यांशी जोडले गेले आहे. सदसद्विवेकाच्या आवाहनाला जे साधले नाही ते तेलाच्या टंचाईने साधले, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण डेन्मार्कचे पहिले पाऊल कोळशाकडे पडले होते हे ध्यानात ठेवले, म्हणजे या भयाला स्वतःची अशी कोणतीही नीती नसते हेही कळते.

सदसद्विवेकाची बाजू मुळीच दुबळी नव्हती. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एक छोटेखानी पुस्तिका लिहून असा सवाल टाकला, की भाताच्या खाचरातून आणि गाईगुरांतून निघणारा वायू व श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा धूर हे एकाच तागडीत कसे तोलता येतील? पुढल्याच वर्षी रिओच्या करारात ‘सामायिक पण भिन्न जबाबदारी’चे तत्त्व आले, ते याच युक्तिवादाच्या कुळातले. आजवर हवेत सोडलेल्या एकंदर कार्बनात अमेरिकेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश आणि भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास. दरसाल दरडोई हिशेब केला तरी अमेरिकन माणसाचे सुमारे १४ टन आणि भारतीयाचे सुमारे दोन. हा हिशेब कोणत्याही न्यायालयात टिकेल. परंतु असे न्यायालय नाही. क्योतो येथे तह होण्यापूर्वीच, १९९७ च्या जुलैत, अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध शून्य अशा मतांनी ठराव करून ठेवला होता, की विकसनशील देशांवर बंधन न घालणारा कोणताही तह आपल्याला मान्य होणार नाही. पॅरिसच्या करारातून तर ते राष्ट्र दोनदा बाहेर पडले. २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर देण्याचे कोपनहेगनचे वचन श्रीमंत देशांच्या स्वतःच्याच हिशेबाप्रमाणे २०२२ साली पुरे झाले, आणि २०२४ साली बाकू येथे ३०० अब्जांचा जो आकडा ठरला त्यावर भारताच्या प्रतिनिधीला हरकत नोंदवता आली ती अध्यक्षांचा हातोडा पडल्यानंतर.

ग्लासगो येथील २०२१ च्या परिषदेचा शेवटचा दिवस या संदर्भात अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. मसुद्यात कोळशाची वीज ‘बंद’ करण्याची भाषा होती; अखेरच्या घटकेला भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी तेथे ‘क्रमाक्रमाने घट’ असा बदल सुचवला, चीनची त्याला संमती होती, आणि बदल मान्य झाल्याचे सांगताना अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ दाटून आला. युरोपीय वृत्तपत्रांनी दोषाचे माप भारताच्या पदरात घातले. पण त्या कलमात तेलाचे नाव नव्हते आणि नैसर्गिक वायूचेही नव्हते. ज्या देशांकडे वायूच्या नळ्या होत्या त्यांनी ज्यांच्याकडे फक्त कोळसा होता त्यांना पथ्य सांगितले होते. दुसऱ्या वर्षी शर्म अल-शेख येथे भारताने सर्वच जीवाश्म इंधनांना घटीचे कलम लागू करावे असे सुचवले, तेव्हा ते मसुद्यात शिरलेच नाही. त्याच्याही पुढल्या वर्षी दुबईत ते काहीशा मवाळ शब्दांत आले, आणि तेही अबूधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख अध्यक्षस्थानी असताना. अशा नाटकात नायक शोधणे व्यर्थ आहे. भारताची बाजू न्यायाची होती असे माझे मत आहे. मात्र न्यायाची बाजू पुष्कळदा आळसाचे निमित्त होते, असेही माझे मत आहे. सावकाराकडे आपले जुने येणे असले म्हणून त्याच्या वसुलीची वाट पाहत कोणी शहाणा कुळंबी आपले शेत पडीक ठेवीत नाही.

ग्लासगोला चार महिनेही झाले नव्हते तोच, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, आणि कोळशाविषयी सर्वाधिक वैराग्य सांगणाऱ्या देशाची परीक्षा सुरू झाली. जर्मनीच्या आयात वायूपैकी ५५ टक्के वायू आदल्या वर्षी रशियातून येत होता. हे अवलंबन अनवधानाने घडलेले नव्हते. १९७० च्या नळ-करारापासून अर्धे शतक जर्मन मुत्सद्द्यांनी ते जाणूनबुजून जोपासले होते, व्यापाराच्या धाग्यांनी बांधलेला शेजारी युद्ध करणार नाही या श्रद्धेने. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते ती रेडेनची कोठी. पश्चिम युरोपातील वायूचा तो सर्वांत मोठा भूमिगत साठा, आणि त्याची मालकी मात्र गाझप्रोम या रशियन कंपनीच्या शाखेकडे! युद्धापूर्वीच्या हिवाळ्यात ती कोठी जवळजवळ रिकामी ठेवण्यात आली होती. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, असे बजावणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांना धान्याच्या कोठाराची किल्ली वेढा घालणाऱ्याच्या कमरेला लावणारा किल्लेदार दाखवला असता, तर त्यांनी त्याचे काय केले असते याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे जे झाले त्यात भयाची दोन्ही तोंडे दिसतात. जर्मनीचे आर्थिक व्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक हे हरित पक्षाचे. त्यांच्याच सहीने बंद ठेवलेली कोळशाची वीजकेंद्रे पुन्हा पेटली, आणि २०२३ च्या जानेवारीत लिग्नाइटच्या खाणीसाठी ल्युत्सेराट हे खेडे पोलीस बंदोबस्तात मोकळे करून पाडण्यात आले. त्याच एप्रिलमध्ये उरलेली तीन अणुवीज केंद्रे मात्र थोड्या मुदतवाढीनंतर बंद झाली. या क्रमाचा तर्क मला आजतागायत उमगलेला नाही. दुसऱ्या बाजूने, जेथे परवान्यांना वर्षे लागत तेथे विल्हेल्म्सहाफेनचे द्रवरूप वायूचे बंदर काही महिन्यांत उभे राहिले, आणि सौर व पवन ऊर्जेच्या योजनांनाही हवामानपरिषदांनी कधी दिली नव्हती एवढी गती त्या एका हिवाळ्याच्या धास्तीने दिली.

पण तो द्रवरूप वायू आला कोठून? जगातील जहाजे मोजकी होती आणि २०२२ च्या ऑगस्टात युरोप मेगावॉट-तासाला ३०० युरोंहून अधिक भाव मोजायला तयार होता. साहजिकच जहाजांची तोंडे तिकडे फिरली. त्या जुलैत पाकिस्तानने सुमारे एक अब्ज डॉलरच्या दहा जहाजांसाठी निविदा काढली, तिला एकही देकार आला नाही. लाहोर-कराचीच्या अंधाराचे कारण असे एल्बे आणि ऱ्हाइनच्या काठी होते. श्रीमंताने आपली सुरक्षितता विकत घेतली म्हणजे गरिबाची असुरक्षितता वाढते, हा व्यवहार कोणत्याही परिषदेच्या जमाखर्चात दिसत नाही.

यानंतर पाकिस्तानात जे घडले ते कोणत्याही सरकारच्या योजनेत नव्हते. विजेचे दर दुप्पट-तिप्पट झालेले, पुरवठ्याचा भरवसा नाही, आणि शेजारच्या चीनमध्ये सौर पॅनेलांचे भाव कोसळलेले. तेव्हा कारखानदारांनी, शेतकऱ्यांनी, मशिदींनी आणि मध्यमवर्गीय घरमालकांनी आपापली छपरे झाकून टाकली. एकट्या २०२४ साली त्या देशाने सुमारे १७ गिगावॉटची पॅनेले आयात केली, आणि त्याच्या साऱ्या वीजव्यवस्थेची स्थापित क्षमता तर ४५ गिगावॉटच्या आसपास! ज्याला छप्पर नाही त्याच्या वाट्याला मात्र उरलेल्या जाळ्याचा स्थिर आकार आला, कारण वीजकेंद्रांशी केलेले डॉलरचे करार वीज घ्या वा न घ्या, पैसे मागतातच. हा प्रकार आम्हा महाराष्ट्रीयांना नवीन नाही. दाभोळच्या कराराने वीज मंडळाला याच गळफासाची ओळख करून दिली होती, आणि २००१ साली तो कारखाना बंद पडला तेव्हा गुहागरच्या किनाऱ्यावर कोट्यवधींची यंत्रे निपचित पडून राहिली होती.

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. आखाताच्या दारातून उठून चीनच्या दारात बसण्यात कसली सुरक्षितता? पॅनेलांच्या उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे, आणि चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मीळ मृदा-धातूंच्या शुद्धीकरणात तर सुमारे नव्वद टक्के. २०१० साली एका मासेमारी नौकेवरून तंटा झाला तेव्हा जपानकडे जाणारे हे धातू अडले. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने निर्यातीला परवान्याची अट घातली आणि काही महिन्यांतच पुण्याच्या आसपास विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्यांना उत्पादन आखडते घ्यावे लागले. धोका खरा आहे. परंतु परावलंबनाचेही प्रकार असतात, आणि ते एकाच नावाने हाकारणे ही विचाराची ढिलाई आहे. तेल अडले तर काही आठवड्यांत चालती चाके थांबतात. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील आपल्या सामरिक साठ्यांची मिळून ५३ लक्ष टनांची क्षमता, ती काठोकाठ भरली तरी देशाला साडेनऊ दिवसांच्या आसपास पुरेल एवढीच. पॅनेले अडली तर नवी छपरे झाकली जाणार नाहीत. पण झाकलेली छपरे पंचवीस वर्षे वीज देतच राहतील, आणि त्या अवधीत आपले कारखाने उभारायला सवड मिळेल. एकात रोजची भाकरी दुसऱ्याच्या हाती असते, दुसऱ्यात फक्त नांगर त्याच्याकडून आणलेला असतो.

मराठी इतिहासात या भेदाचे एक चालते-बोलते उदाहरण आहे. भीमेच्या खोऱ्यात वाढणारे भीमथडीचे तट्टू अरबी घोड्यापुढे ठेंगणे आणि दिसायला कोणाच्या डोळ्यात न भरणारे. पण ते घरच्या चाऱ्यावर जगे, डोंगरातून धावे, आणि मेले तर त्याच्या जागी दुसरे त्याच खोऱ्यात जन्मास येई. त्याच्या रक्तातही बाहेरून आलेल्या अरबी घोड्यांचा अंश होता असे जाणकार सांगतात, म्हणजे बीज परके असूनही पैदास घरची होती. आपल्याकडे आज पॅनेले जुळवण्याचे कारखाने भराभर निघत आहेत, पण त्यांच्या आतल्या सिलिकॉनच्या चकत्या अजून बहुतांशी बाहेरूनच येतात. म्हणजे पैदाशीला प्रारंभ झाला आहे, एवढेच तूर्त म्हणता येईल.

सूर्य मावळतो ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने टळत नाही. २०२५ च्या मध्यास भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली, याचा यथोचित डंका पिटण्यात आला. पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत सुमारे तीन-चतुर्थांश वाटा कोळशाचाच होता, आणि २०२४-२५ मध्ये देशाच्या खाणींनी १०० कोटी टनांचा पल्ला ओलांडला. चंद्रपूरच्या माणसाला हे आकडे वाचावे लागत नाहीत, ते त्याच्या अंगणातल्या तुळशीवर काळ्या थराने बसलेले असतात. कोळसा स्वदेशी आहे हे खरे, आणि रसदीच्या दृष्टीने पाहणाऱ्याला तो मोह टाळणे कठीण आहे हेही खरे. रात्रीच्या विजेची बेगमी करण्यासाठी पाणी वर चढवून साठवणारी धरणे आणि विद्युत्-घट पुरेसे होईपर्यंत तो राहणारच. ज्याला हे अप्रिय वाटते त्याने परिषदेत कोळशाचा धिक्कार करण्यापेक्षा घटांच्या कारखान्याची चौकशी करणे बरे.

आता एक नवा नाका उभा राहिला आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात येणारे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर, तो तयार करताना किती कार्बन सोडला गेला त्या मानाने आकार बसू लागला. भारताने याला न्यायविरोधी व्यापारबंधन म्हटले आहे, आणि ते तसे आहेही; ज्यांनी दीडशे वर्षे फुकट धूर सोडला त्यांनी आता धुराचा भाव ठरवावा हा दैवदुर्विलासच. पण असा परवाना अरबी समुद्राला अपरिचित नाही. पोर्तुगिजांचा कार्ताझ जवळ नसलेले जहाज लुटण्यास मोकळे समजले जाई, आणि मोगलांची हजला जाणारी जहाजेसुद्धा तो घेऊन निघत. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांनी या अन्यायाविरुद्ध निषेधाचे खलिते पाठवण्यात वेळ दवडला नाही. त्यांनी कोकण किनाऱ्यावर आपले स्वतःचे दस्तक जारी केले, आणि त्याबद्दल इंग्रजांच्या दप्तरात चाचा म्हणून नोंदले गेले. युरोपच्या नियमात अशी तरतूद आहे, की मालावर मूळ देशातच कार्बनचा कर वा किंमत भरलेली असेल तर तेवढी रक्कम वजा होते. म्हणजे तो पैसा आपल्या खजिन्यात राहावा की ब्रुसेल्सच्या, हे ठरवणे काही अंशी आपल्याच हाती आहे. २०२३ साली दिल्लीने कार्बन-पत व्यापार योजनेची अधिसूचना काढली. एका टन मालामागे कोणत्या कारखान्याने किती धूर सोडावा याच्या मर्यादा तिच्याखाली ठरतात. त्या सैल ठेवल्या तर कार्बन-पतीला भाव येणार नाही, आणि भाव आला नाही तर ब्रुसेल्सच्या नाक्यावर दाखवायला आपल्यापाशी दस्तक असेल, पण त्यावर वजा करण्याजोगी रक्कम लिहिलेली नसेल.